कुंकवाखालचा शिक्का

“महायुद्ध गाजवलेली रायफल, आणि तिला कुंकू! अडाणी लेकाचे!” आबासाहेब करवादत जुन्या रायफलीचा दस्ता घासत होते. एका शिपायाच्या नातवाकडून त्यांनी ती संग्रहासाठी घेतली होती. त्या घरानं दर खंडेनवमीला पूजा करून तिच्यावर तेलाकुंकवाची पुटं चढवली होती.

विभावरीताई नवऱ्याकडे बघत होत्या. या माणसानं जन्मात साधी छऱ्याची बंदूक उडवली नव्हती, पण क्लबात लढाईवर लेक्चर झाडायला कायम पुढे. उद्या दसऱ्याला तोच सगळा क्लब रायफल बघायला घरी येणार होता.

शेवटचं पूट निघालं आणि आबासाहेबांचा हात थांबला. खाली लाकडात इंग्रजी शिक्का होता : ‘फक्त कवायतीसाठी. झाडू नये.’ ही लढाईवर गेलीच नव्हती.

दसऱ्याला पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी आल्या, तसे आबासाहेब रायफल घेऊन लगबगीनं देवघरात शिरले.

“अगं, कुंकवाचा करंडा दे. शस्त्राची पूजा नको का करायला? परंपरा आहे आपली.”

शिक्क्यावर त्यांची बोटं भराभर फिरली. विभावरीताईंनी वाकून पाहिलं.

“आणखी थापा,” त्या म्हणाल्या. “‘झाडू नये’ अजून वाचता येतंय. तेवढं तुम्हीही वाचून घ्या.”