जावयाचा मान

सावळेरामानं खाडकन मुस्काटात ठेवून दिली, ती आपल्याच थोरल्या पोराच्या.

"सोड त्याला, जानकू! घरचा जावई हाय त्यो!"

जानकूनं गोरखची गचांडी सोडली. धाकटा बहिरू उंबऱ्यात दगड घेऊन उभा होता, त्यानंही तो खाली टाकला. गोरख भिंतीला टेकून धापा टाकू लागला. आज आपण संपलो, अशी त्याची खात्रीच झाली होती.

पडवीत त्याची बायको आरती पडली होती. लोखंडी पायपानं त्यानं तिला झोडपलं होतं. डावा हात कोपरापासून लोंबत होता, दोन दात फरशीवर पडले होते. कारण विचाराल, तर ती न सांगता शेजारणीबरोबर आळेफाट्याला बांगड्या भरायला गेली!

सावळेरामानं लेकीला उचलून भाड्यानं आणलेल्या जीपमध्ये घातलं. आपल्या गावाची, तळेघरची वाट धरण्याआधी जावयाला हात जोडले.

"येतो, पावणं."

ते गेल्यावर गोरखला हसू फुटलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, मेंढरूच झालाय की राव!

पण पुढं त्याची पाचावर धारण बसली. त्याचा चुलतभाऊ बायकोला मारल्याच्या केसमध्ये आत जाऊन आला होता. दारात कुत्रं भुंकलं तरी गोरखला खाकी कपडे दिसायचे. पोलीस काही आले नाहीत. वर्षानं आला तो सावळेराम, बरोबर वकील.

"दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्या," वकील म्हणाला. "अर्जात कुणाचा दोष लिहायचा नाही, कुणावर आरोप नाही. पटत नाही, एवढंच. सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहायचं, की दोघंही मोकळे."

"आन् मारहाणीची केस?"

"केस न्हाई, पोटगी न्हाई," सावळेराम म्हणाला. "नातं तेवढं कायद्यानं सोडवून द्या. लई उपकार व्हतील."

असं घबाड कोण सोडतंय! गोरखनं दाखवील तिथं सही ठोकली.

त्या सहा महिन्यांतच धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना, जावयाला घरी बोलावून वाण द्यायचा. आणि खरंच सांगतो, तळेघरहून बोलावणं आलं! गोरखनं ते सगळ्या गावात सांगून टाकलं आणि मजा बघायला म्हणून गेला.

सासू झुंबरबाईनं तांब्या धरला. सावळेराम परातीत जावयाचे पाय धुऊ लागला. आतल्या दाराआड आरती उभी होती, तिचा हात वाकडाच बसला होता. जानकू खांबाला धरून दातओठ खात होता.

"मामा, टाच ऱ्हायली की," गोरख म्हणाला.

सावळेरामानं टाच धुतली. धोतराच्या सोग्यानं पुसली. नवे कपडे दिले, अनारशांचं ताट दिलं, टिळा लावला. निर्लज्ज तरी किती असावं माणसानं! गोरखनं जाताना आणखी चार अनारसे मागून घेतले.

दिवाळीच्या आधी तारीख लागली. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाची जबरदस्ती? आरती नाही म्हणाली, गोरखही नाही म्हणाला. दुपारी हुकूम झाला.

कोर्टामागच्या मोकळ्या जागेत गोरखची जीप उभी होती. तिथंच सावळेरामानं वकिलाला थांबवलं. दोन्ही पोरं मागं होती.

"सायेब, मला अडाण्याला इचारून घेऊ द्या. ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाई ना?"

"काही नाही. तुमचा त्यांचा संबंध संपला."

वकील नमस्कार करून निघून गेला. गोरखच्या छातीवरचा धोंडाच उतरला. दीड वर्षाची धास्ती गेली. पोलीस नाहीत, केस नाही, कुठल्या कागदावर एक वाकडा शब्द नाही. त्याला त्या म्हाताऱ्याची जराशी दयाच आली.

"येतो, मामा," तो म्हणाला. "मनात काय ठिवू नका."

सावळेरामानं डोक्याचं मुंडासं काढून बहिरूच्या हातात दिलं. धोतराचा काष्टा घट्ट खोचला. मग मागं न बघता म्हणाला,

"जानकू, लई कळ काढलीस, पोरा. ये म्होरं. आता ह्यो आपला जावई न्हाई."