उकळलेलं पाणी

‘मामा, पाणी उकळूनच डब्याचं दूध पाजलं, तरी लेकरू निळं पडून काऊन गेलं?’ जैनथ गावी दिलेल्या भाचीच्या पत्राला रसायनशास्त्राच्या निवृत्त मास्तरांनी उत्तर दिलंच नव्हतं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. कपाशीला टाकलेल्या युरियातून नायट्रेट तिच्या विहिरीत झिरपलं होतं. तान्ह्याच्या पोटात आम्ल कमी, म्हणून जिवाणू माजतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करतात. मग रक्त प्राणवायू वाहत नाही. उकळून पाणी आटतं, नायट्रेट नाही. पण काळजीनेच घात केला, हे आईला कसं लिहायचं? दोन वर्षांनी भाचजावई दुधाची रिकामी बाटली घेऊन आला. ‘तपासून पाहा, मामाजी. औंदा तिनं पाणी अर्ध्यावर आटोलं. तरी पोरगीबी गेली.’ ‘बाळाला विहिरीचं पाणी उकळूनही देऊ नकोस,’ एवढंच लिहून संध्याकाळी मास्तरांनी बाळ नसलेल्या घराच्या पत्त्यावर कार्ड टाकलं.