बाबाच्या नावाचा पाव

"बाबा, त्या गाण्याच्या स्पर्धेत तुला नक्की किती गुण मिळाले होते?"

विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, म्हणून शुक्रवारच्या टाकोवर ताव मारता मारता सोल्वाईने विचारूनच टाकलं. खरं तर उत्तर अख्ख्या गावाला पाठ होतं. तिच्या जन्माआधी बाबा टीव्हीवर साऱ्या युरोपसमोर नॉर्वेचं गाणं गायला होता आणि एकाही देशाने त्याला एक गुणसुद्धा दिला नव्हता. दर मे महिन्यात गावची बेकरी अजूनही त्याच्या नावाने मधोमध भोक असलेला गोल पाव विकायची.

सोल्वाईच्या दप्तरात त्याच स्पर्धेच्या यंदाच्या निवडफेरीचा अर्ज आठवडाभर चुरगळत पडला होता. आपलंही असंच हसं झालं तर, एवढ्याच भीतीने तिने तो भरला नव्हता.

"शून्य," बाबा मिटक्या मारत म्हणाला. "त्यातलं निम्मं तुझ्या आईने निवडलेल्या कोटामुळे."

"आणि उरलेलं निम्मं तुझ्या गळ्यामुळे," आई म्हणाली.

दोघं खो खो हसत सुटले. सोल्वाईने अर्ज काढून त्यांच्या ताटांच्या मधोमध ठेवला.

 

"सही करा दोघं. मी गाणार आहे. याहून खाली जायला बाबाने जागाच ठेवलेली नाही."