विझवलेल्या लोखंडाचं पाणी

तापलेलं लोखंड ज्यात विझवलं, त्या पाण्याची बाटली द्वारका लोहारणीनं दवाखान्यात बाळंतीण लेकीच्या ओठांना लावली, तोच डॉक्टरीणबाईंनी हात धरला.

"मावशी, लोखंड नको आत्ता! लोहाच्या गोळ्यासुद्धा थांबवल्यात आम्ही."

"अहो, पोर पांढरीफटक पडलीय!"

"रक्तात जंतू शिरलेत. लोखंड मिळालं, की ते फोफावतात. म्हणून तिच्या अंगानंच आपलं लोखंड लिव्हरमध्ये दडवलंय. ताप उतरेपर्यंत थांबा."

घरात कुणी फिकं दिसलं, की भट्टी पेटवायची, एवढंच द्वारकाला ठाऊक. तिनं बाटलीला बूच लावलं.

जरा वेळानं लेक कण्हली, "आये, दे ना ते पाणी. हातही उचलवत नाही गं."

लेकीचं डोकं मांडीवर घेताना द्वारकाचा जीव तुटला. "नाही गं बाय. तुझं अंग चोरांपासून घर राखतंय. आईनंच कडी कशी काढायची?"