तपासलेली अंगाई

अप्पा "आई गं, आई गं" करत कण्हत होते आणि हॉस्पिटलची कॉट त्यांना हळूहळू झोके देत होती.

त्यांची मुलगी मृदुला दारातच थबकली. उशाजवळच्या स्पीकरमधून अंगाई ऐकू येत होती, आणि आवाज तिचाच होता. आपल्या कंपनीच्या, बाळांना आपोआप झोके देणाऱ्या पाळण्यासाठी तिनं ती कधीकाळी गायली होती. पाळण्याचं सॉफ्टवेअरही तिनंच लिहिलं होतं.

"सिस्टर, कण्हताहेत ते! कुणी बघायला का आलं नाही?"

"अहो मॅडम, नवी कॉट आहे ही. गरज पडली तर तीच आम्हाला बोलावते," सिस्टर कौतुकानं म्हणाली. "तुमच्याच कंपनीची ना?"

"जे नीट चालतंय ते पुन्हा लिहीत बसू नका, उचला आणि वापरा," असं मृदुला कंपनीतल्या नव्या पोरांना उठताबसता बजावायची. पोरांनी ऐकलं होतं. पाळण्याचं अख्खं सॉफ्टवेअर, अंगाईसकट, उचलून त्यांनी कॉटमध्ये बसवलं होतं.

पाळण्याचा नियम तिला तोंडपाठ होता. दुपटं कोरडं असेल, पोट भरलेलं असेल, तर रडण्याचं मनावर घ्यायचं नाही. आईला उगीच उठवायचं नाही. झोके देत राहायचं.

"डॉक्टरांना बोलवा!" ओरडतच ती कॉटकडे धावली.

तेवढ्यात कण्हणं थांबलं. मग झोके थांबले आणि अंगाईही विरत गेली. मृदुलानं अप्पांचा हात घट्ट धरला. त्यांनी तिचा धरला नाही.

कॉटच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: "बाळ झोपलं."