उसना आवाज

"हनुवटी छातीला टेकवा. आता गिळा," स्पीच थेरपिस्ट फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

संघर्षने पावडर घालून दाट केलेलं पाणी गिळलं. ठसका लागला नाही. कॅन्सरपायी अर्धी जीभ काढून सहा महिने झाले होते. आज या एका घोटाचं जेवढं कौतुक झालं, तेवढं ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात त्याच्या प्रमोशनचंही झालं नव्हतं.

"चला, हेर वानखडे, आता तुमचं वाक्य," त्या संघर्षला म्हणाल्या.

"आई, मी संघर्ष. काय जेवलीस?"

तोंडात कापूस कोंबल्यासारखा आवाज, पण शब्द कळत होते. लिंडनरबाईंना मराठीचा गंध नव्हता, तरी त्या "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाल्या.

गावाकडे आईला, गयाबाईंना, यातलं काहीच माहीत नव्हतं. हाय खाईल म्हणून दर रविवारी संघर्षच्या नावाने त्याचा मित्र केतन बोलायचा. कॉलेजात सगळ्या सरांच्या नकला करणारा गडी, त्याला संघर्ष म्हणजे डाव्या हातचा मळ. सहा महिन्यांत त्याने संघर्षचं वजन परस्पर चार किलो वाढवलं होतं आणि एका नर्स मुलीचं स्थळ नाकारलं होतं.

धास्ती होती ती व्हिडिओची. पण "कॅमेरा बिघडलाय" म्हटल्यावर आई म्हणाली, "राहू दे, आवाज ऐकला की झालं." एरवी पोराचं ताट बघितल्याशिवाय फोन न ठेवणारी बाई. वयाने निवळली असणार. चाळीस वर्षांची मिश्रीसुद्धा सोडली म्हणे. जेवणाचं विचारलं की एकच उत्तर, "पेज."

रविवारी संघर्षने फोन केतनच्या हातातून काढून घेतला.

"भावा, महिनाभर थांब. मावशी घाबरून पडल्या तर?"

"पुढच्या महिन्यात गावी येतो... असं कोण बोललं तिला?"

"मीच. पण त्या म्हणाल्या, घाई करू नको."

फोन नेहमीसारखा चुलत बहीण नीताने उचलला. "देते काकूला," म्हणाली.

"जय भीम, बाळा," गयाबाईंचा आवाज आला.

संघर्षने हनुवटी खाली घेतली, थुंकी गिळली.

"आई, मी संघर्ष. काय जेवलीस?"

केतनने डोळे मिटले.

"तोंडाला काय झालं रे?"

"कॅन्सर. जीभ कापली. इतके दिवस... केतन बोलायचा. आता बरा आहे."

मग गयाबाईंचा आवाज एकदम तीस वर्षांनी तरुण झाला.

"दादा," नीता म्हणाली, "थांब, स्पीकरवर टाकते. काकू, ये इकडे. आता तूच बोल."

खुर्ची सरकली. कोणीतरी सावकाश श्वास घेतला, गिळलं, जरासं खोकलं. मग तोंडात कापूस कोंबल्यासारखा एक म्हातारा आवाज म्हणाला,

"पेज."