एसी आणि लिव्हर

नव्या गाडीत बाहेरून बसवलेल्या वस्तू तीन होत्या: सीट कव्हरं, हॉर्न आणि ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायचा लिव्हर. एसी बंद पडला म्हणून अश्लेषा बाबांबरोबर पडाव भागातल्या सर्व्हिस सेंटरला आली, तर मॅनेजर खिडकीतून आत वाकला आणि लिव्हरवरच अडला.

"मैडम, बाहर का काम करवाया, तो वारंटी खत्म."

"बिघडलाय एसी. त्याचा लिव्हरशी संबंध काय, तेवढं सांगा."

"संबंध नहीं, नियम है. लीवर निकलवाइए, फिर साहब खुद पैर से गाड़ी चलाकर लाएँ, तब देखेंगे."

स्टिअरिंगमागे घामाघूम बसलेले बाबा, लक्ष्मीकांत, म्हणाले, "अशू, त्यांना विचार, नवा पाय वारंटीत बसतो का."

मॅनेजर हसला. अश्लेषाने शेजारच्या मेकॅनिककडून मोजायची टेप मागून घेतली आणि गाडीचं दार उघडलं. बाबांनी पँटची उजवी बाजू वर दुमडली. पाय गुडघ्यापाशीच संपत होता. तिने टेपचं एक टोक तिथे धरलं, दुसरं मॅनेजरच्या हातात दिलं.

"ब्रेकला लावा आणि वाचा."

अंतर सत्तेचाळीस सेंटिमीटर भरलं.